पूर्वेच्या कोपऱ्यातला झरा

पुलाकडच्या लोकांनी यंदाही पुलाला एक कमान वाढवली. नदीवर जाऊन मोजाल तर कमानी अकराच भरतील. बसस्थानकाच्या भिंतीवरच्या नकाशात मात्र ही चौदावी निघत होती, आणि ती शिडीवरून धाकट्याच्या नजरेत आली.

"ओ पूलवाले, ही कुठून आणली?"

"जुनीच आहे हो. रंग उडाला होता तिचा," खालून एकानं बेधडक ठोकून दिलं.

"तुमच्या पुलानं ढकलत ढकलत नदी तलावाला नेऊन टेकवली. आणखी दोन वर्षं ही भिंत राहिली असती तर तलावातल्या होड्या रस्त्यावर आल्या असत्या!"

सगळे हसले. मग एकेकाला आठवलं आणि जो तो गुपचूप आपापल्या डब्यात ब्रश बुडवायला लागला. दोन वर्षं कसली, भिंतीकडे आता दोनच दिवस होते. मंगळवारी बसस्थानक पाडायला घेणार होते. मग नवं बसस्थानक, नवे फलाट आणि दर्शनी भागात जिल्ह्याचा नवा नकाशा. पत्र्यावर छापलेला, उन्हापावसाला दाद न देणारा, आणि पुलाला अकराच कमानी असलेला. तरी आज माणसं आली होती. पाडायच्या भिंतीला रंग देणं हा शुद्ध वेडेपणा, हे काय त्यांना कळत नव्हतं? पण बावन्न वर्षं या रविवारी आलो, तर शेवटच्या रविवारी कसं चुकवायचं, असं प्रत्येकाला वाटलं असणार.

धाकट्या म्हणजे कुणी पोरगा नव्हे, बरं का. साठीचा माणूस, पाट्या रंगवणारा पेंटर, बापाचं दुकान चालवणारा. गावात त्याला मान होता, पण थोरली बहीण आक्का त्याला धाकट्या म्हणे, आणि आक्का जे म्हणे तेच त्या घरात नाव होऊन बसे. बायको रुग्णालयात नर्स होती, तिची झाली सिस्टर. मुलगी लहानपणी एक घास खायची, तिची झाली चिमणी. चौतीस वर्षांची झाली, जिल्ह्याच्या पर्यटन कचेरीत अधिकारी झाली, हाताखाली चार माणसं आली, तरी चिमणीच.

भिंत रंगवली ती अण्णांनी, म्हणजे आक्काच्या आणि धाकट्याच्या वडिलांनी. चाळीस फूट लांब, बारा फूट उंच. अख्खा जिल्हा तिच्यात ऐसपैस बसला, कारण जिल्हाच केवढा! सकाळी सायकलवर टांग मारलेला माणूस हद्दीला शिवून जेवायला घरी. शेजारच्या जिल्ह्यातले लोक आम्हाला 'वाटेत लागतो तो' म्हणायचे. ते अण्णांच्या जिव्हारी लागलं. बघण्यासारखं काय नाही इथं, म्हणत ते सायकल घेऊन निघाले. वटवाघळांची गुहा, टेहळणीचा बुरूज, होड्यांचा तलाव, ढकलला की डुलणारा धोंडा. धोंड्यापाशी तर चार वेळा गेले, कारण पहिल्या तीन वेळा तो डुललाच नाही. पाहिल्याशिवाय भिंतीवर ठिपका द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. आणि दुसरा नियम गावांसाठी: वर्षातून एकदा प्रत्येक गावानं येऊन आपली जागा आपण रंगवायची. ज्याचं गाव त्याचा ब्रश. दुसऱ्याच्या गावाला कुणी हात लावायचा नाही, मग तो पूल कितीही फुगेना का.

पूर्वेचा कोपरा तेवढा कुणाच्याच गावाचा नव्हता. तिथं खाली, कमरेच्या उंचीवर, तळहाताएवढा निळा वळसा होता. त्याला नाव नव्हतं. शोधून सापडत नाही म्हणून लोकच त्याला लपता झरा म्हणायला लागले. तो अण्णा रंगवत, आणि अण्णा गेल्यापासून आक्का. आताही ती तिथंच स्टूल टाकून बसली होती. चित्रकलेच्या बाई म्हणून शाळेतून निवृत्त झालेली, पासष्टीची, पाठ अजून ताठ.

चिमणी आली तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. तिनं रंगाच्या उलट्या डब्यावर फाइल ठेवली आणि वर पाहिलं.

"बाबा, खाली या ना जरा."

"बोल की. कान वर आणलेत मी."

"खाली या. सगळ्यांदेखत ओरडून सांगण्यासारखं नाही."

धाकट्या उतरला. उतरताना गुडघा वाजला, तो त्यानं नेहमीप्रमाणे शिडीच्या नावावर घातला.

"आज पाचच्या आत यादी छापखान्यात द्यायची आहे," चिमणी म्हणाली. "उद्या पत्रा छापायला घेतायत. आठ महिने मी एकेक जागा स्वतः जाऊन पाहिली, तुम्हाला माहीत आहे. एकतीस जागा. तीस सापडल्या."

"मग एकतिसावी शोध."

"तीनदा गेले. माळ आहे, दगडाची खाण आहे, एक मोठं झाड आहे. झरा नाही. खाणीतल्या लोकांना विचारलं तर माझ्या तोंडावर हसले."

"झरे आटतात."

"आटला तरी खूण राहते, बाबा. तिथं खालपासून वरपर्यंत कातळ आहे. झरा कधी नव्हताच."

धाकट्यानं हातातलं फडकं झटकलं. चिमणीला ते फडकं लहानपणापासून माहीत होतं. बाबा चिडले की आधी फडकं झटकतात, मग शब्द येतात. तिला आज भांडायचं नव्हतं. ती याच भिंतीखाली रांगली होती. शाळेत भूगोलात नकाशा काढायला सांगितला तेव्हा तिनं आपल्या जिल्ह्याची नदी अण्णांसारखी काढली होती, पुलाच्या पोटाखाली दबलेली, आणि शून्य गुण आणले होते. ही भिंत तिच्याच सहीनं पडणार होती. त्याचं तिला काही वाटत नसेल असं घरात सगळे धरून चालले होते, आणि ते तिला फार लागलं होतं.

"झरा काढून टाकावा लागेल," ती म्हणाली. "आणि तेवढंच नाही. लोकांची पत्रं येतात. यंदा सात आली. एक सायकलवाला लिहितो, दिवसभर उन्हात हिंडलो, नकाशा काढणाऱ्यानं घरबसल्या थाप मारलेली दिसते. साहेब म्हणतात, नव्या नकाशाबरोबर जे पत्रक वाटायचं आहे त्यात खुलासा छापा. जुन्या नकाशात एक जागा खोटी होती म्हणून."

"खोटी?"

"चुकीची."

"आत्ता खोटी म्हणालीस. अण्णांच्या नावावर खोटं छापणार तू? ज्या माणसानं डुलता धोंडा डुलेपर्यंत काढला नाही, त्याच्या? तुझ्या कचेरीत त्याच्या नखाची सर आहे का कुणाला?"

"बाबा, मला तरी कुठं छापायचंय?"

"मग छापू नकोस! झरा राहील. आक्का, सांग हिला. तुझं तरी ऐकेल."

आता आक्का या घरात अण्णांची वकील. अण्णांच्या सावलीला कुणी पाय लावला तरी धावून यायची. धाकट्या निर्धास्तपणे तिच्याकडे वळला. गेल्या तीस वर्षांत बहीणभाऊ एका बाजूला आणि सारं जग दुसऱ्या बाजूला, असंच तर चाललं होतं.

आक्कानं ब्रश डब्याच्या काठावर निपटला. तो पुरता कोरडा झाला तरी निपटतच राहिली.

"काढून टाक गं," ती म्हणाली.

सिस्टर तिकडे पावाच्या लाद्या कापत होती. गावागावांतून आलेल्यांना चहा-पाव देणं तिच्याकडे असे. नवऱ्याचा आवाज चढला तेव्हा तिनं लक्ष दिलं नव्हतं. तो चढायचा आणि उतरायचा. पण आक्काचा आवाज ऐकून तिनं सुरी खाली ठेवली. सकाळपासून तिचं आक्कावर लक्ष होतं. दोनदा चहा गार झाला, तिसरा हातात तसाच. रुग्ण काहीतरी लपवतोय हे सिस्टरला नाडी न धरता कळायचं.

"आक्का, आत चला," ती म्हणाली. "सावलीत बसू."

"नको. इथंच बोलू दे, नाहीतर पुन्हा बोलायची नाही मी." आक्का भावाकडे वळली. "धाकट्या, तो झरा अण्णांनी नाही काढला. मी काढला."

"म्हणजे?"

"म्हणजे मी. तेरा वर्षांची होते. आई अंथरुणाला खिळली होती ते वर्ष. तुला आठवत नसेल."

"आठवतं."

"तिच्या माहेरी घरामागे झरा होता. तापात सारखी तेच बोलायची. पाणी दिलं की म्हणायची, हे नको, ते गार दे. एक दिवस मला विचारलं, एवढा मोठा नकाशा काढतायत, त्यात एखादा झरा आहे का गं? मी म्हटलं, आहे. तोंडातून निघून गेलं. मग म्हणाली, मला दाखव." आक्कानं पदरानं तोंड पुसलं. "अण्णा दुपारी तिला भरवायला घरी जायचे. मी भिंतीपाशी एकटी. हा कोपरा मोकळा होता. अण्णा म्हणायचे, तिकडे दगड सोडून काही नाही. निळा रंग माझ्या हातात होता. बस्स, दोन मिनिटांचं काम."

"आणि अण्णा काही बोलले नाहीत?"

"आले, कोपऱ्याकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आता बसणार एक. तर म्हणाले, निळा पातळ झालाय. आणि स्वतः वर दुसरा हात दिला. संध्याकाळी हातगाडीवर गादी टाकून आईला इथं आणलं. तिनं हात लावला. रंग ओला होता, बोटाला लागला. मला म्हणाली, यांनी पाहिला का गं? गार आहे पाणी? मी म्हटलं, हो, पाहिलाय की, खूप गार आहे. अण्णा गाडीचा दांडा धरून उभे होते. त्यांच्यासमोर म्हटलं मी हे. महिन्याभरात आई गेली."

पूलवाल्यांपैकी दोघं कान देऊन ऐकत होते, त्यांना सिस्टरनं नुसत्या नजरेनं पलीकडे हाकललं.

"त्यांना वाटलं असेल, मला शाळेत कुणी सांगितलं," आक्का म्हणाली. "माझी मुलगी खोटं बोलेल असं त्यांच्या मनातही आलं नसेल. माझ्या शब्दावर तीस वर्षं तो रंगवला त्यांनी. न पाहिलेली एकच जागा, ती माझ्यामुळे. हे मला खातंय रे. झरा गेला तर जाऊ दे. पण पत्रकात अण्णांचं नाव नको, माझं घाल. हवं तर ठळक अक्षरात घाल."

धाकट्याचा चेहरा लाल झाला होता.

"बावन्न वर्षं!" तो म्हणाला. "बावन्न वर्षं मी छाती ठोकून सांगत फिरलो, माझ्या बापानं न पाहता ठिपका दिला नाही. तू शेजारी उभी राहून ऐकत होतीस. झाकली मूठ सव्वा लाखाची, नाही का?"

"भीती वाटली मला."

"कुणाची? अण्णांना जाऊन वीस वर्षं झाली! तेव्हा तरी सांगायचंस. मला सांगायचंस! मी काय परका होतो?"

"अहो, पुरे," सिस्टर मध्ये पडली.

"तू बोलू नकोस यात."

"बोलणार. तेरा वर्षांच्या पोरीला आज जाब विचारताय तुम्ही. मी तीस वर्षं वॉर्डात काढली. मरणाऱ्या माणसाला हो म्हणणं खोटं असेल, तर मी रोजची खोटारडी. घाला माझंही नाव पत्रकात."

आता बघा, सकाळी धाकट्या आणि आक्का विरुद्ध चिमणी अशी फळी व्हायची होती. तिच्याऐवजी या दोघी नणंद-भावजया एका बाकावर आणि धाकट्या एकटा उन्हात. तीस वर्षांत या दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं, अगदी चहात साखर किती यावरही. चिमणी मधे उभी होती आणि आपण काय उकरून काढलं या विचारानं तिला रडू यायच्या बेताला होतं.

"आत्या," ती आक्काच्या पायाशी बसली, "तू कधी तिकडे गेली होतीस?"

"कुठल्या तोंडानं जाऊ? आठ मैलांवर आहे. कधी पाऊल उचललं नाही."

"तसं भयंकर काही नाही तिथं. उलट बरं आहे. झाडाखाली पाणी प्यायले मी." आत्याचं मन दुसरीकडे वळावं म्हणून तिनं फोन काढला आणि फोटो दाखवायला लागली. "हा माळ. ही खाण. हे झाड. दोन रांजण ठेवलेत कुणीतरी, वर झाकण, साखळीला पेला. तिन्ही वेळा भरलेले होते. एवढ्या उन्हात जीव थंड झाला अगदी. आणि ही बघ, पाटीसुद्धा आहे."

पाटी म्हटल्यावर धाकट्यानं मान वळवली. रागावलेला असला तरी पेंटरच तो. दुसऱ्याची पाटी दिसली की अक्षरं तपासल्याशिवाय त्याला घास गिळायचा नाही. त्यानं लांबूनच नजर टाकली. मग पुढे येऊन मुलीच्या हातातून फोन ओढून घेतला. डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली आणला.

"मोठं कसं करायचं हे?"

चिमणीनं बोटांनी मोठं करून दिलं. पत्र्याचा तुकडा, गंजलेला, त्यावर दोन अक्षरं: पाणी.

"ही वेलांटी बघ," धाकट्या म्हणाला. "सिस्टर, ही बघ. वर जाऊन गळासारखी आत वळवलीये. आणि आडव्या रेघेला शेवटी किंचित उतार. हे कुणाचं अक्षर आहे?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"मला कळतं. बारा वर्षं हीच वेलांटी गिरवून घेतली त्यांनी माझ्याकडून, आणि मला एकदाही जमली नाही." त्यानं फोन आक्कापुढे धरला. "अण्णांची पाटी आहे ही."

आक्कानं पाहिलं. तिनं काही म्हणायच्या आधीच धाकट्या टेम्पोकडे चालायला लागला होता. अर्ध्या वाटेत वळून बायकोला म्हणाला, "तिला म्हणावं, पुढे बस. मागे रंगाचे डबे आहेत."

"तुम्हीच म्हणा की. तोंड आहे ना?" सिस्टर म्हणाली; पण तोवर आक्का पुढे चढून बसली होती.

टेम्पोत मागे शिड्या खडखडत होत्या, चिमणी आणि सिस्टर डबे धरून बसल्या होत्या. आक्का खिडकीबाहेर बघत होती. हा रस्ता तिनं भिंतीवर हजारदा पाहिला होता, पिवळी रेघ, मग तिचे तुकडे, मग काहीच नाही. खरा रस्ताही तसाच निघाला. डांबर संपलं, खडी लागली, मग नुसत्या चाकोऱ्या. अण्णा इथं आले होते. म्हणजे त्यांना कळलं होतं. म्हणजे ते फसले नव्हते, आणि मग उरलेली तीस वर्षं त्यांनी आपल्या मुलीकडे कुठल्या नजरेनं पाहिलं असेल? फसलेला बाप परवडला, असं तिला वाटायला लागलं.

झाडाखाली एक म्हातारी बाजेवर बसली होती. खाणीत दगड फोडून फोडून हाताची बोटं वाकलेली, पण नजर तिखट. टेम्पोतून चौघं उतरलेली पाहून ती उठली नाही, नुसता पेला उचलून पुढे केला.

"झरा शोधायला आलात ना? आधी पाणी प्या. मग शोधा हवा तेवढा."

"आजी, मी आले होते मागे," चिमणी म्हणाली.

"येतात गं पुष्कळ. एकेकीला कुठं लक्षात ठेवू?"

धाकट्या थेट पाटीपाशी गेला होता. त्यानं नखानं कडेचा रंग खरवडला, खाली दुसरा थर, त्याखाली तिसरा. "पाच हात दिलेत," तो स्वतःशीच म्हणाला. मग वळला. "आजी, ही पाटी कुणी लावली?"

"सायकलवाल्यानं."

"कोण सायकलवाला?"

"नाव कुणी विचारलं? मी नवी सून होते तेव्हा. एक माणूस आला आणि म्हणाला, इथं झरा आहे का? आम्ही सगळे पोट धरून हसलो. झरा असता तर खाणीपलीकडच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी कशाला वाहिलं असतं आम्ही? तो हसला नाही. सगळा माळ पालथा घातला त्यानं. दगड उलटून उलटून बघत होता, जसं काही पडलंय त्याचं. उन्हं कलली तेव्हा इथं येऊन बसला आणि रडला. चांगला बाप्या माणूस, रडला. मी घागरीतलं पाणी दिलं. प्यायला आणि म्हणाला, गार आहे."

आक्का एका हातानं झाडाला धरून उभी होती.

"पुढच्या रविवारी सायकलला रांजण बांधून आला," म्हातारी सांगत होती. "वाटेत फुटला होता. नुसतं बूड घेऊन पोचला बिचारा. त्याच्या पुढच्या रविवारी दुसरा आणला, हा; शेजारचा मागाहून. मग दर रविवारी यायचा. विहिरीवरून स्वतः पाणी आणून भरायचा. आठवडाभर आम्ही भरायचो, पण रविवारी कुणाला हात लावू द्यायचा नाही. किती वर्षं, देव जाणे. केस पांढरे झाले त्याचे येता येता."

"रेखाटनं करायला जातो म्हणायचे," धाकट्या म्हणाला. "दर रविवारी. एकही रेखाटन कधी दाखवलं नाही घरी."

"आजी," आक्कानं विचारलं. झाड सोडून ती पुढे आली. "आजी, का करायचे ते? काही बोलले कधी?"

"मी विचारलं होतं की. म्हटलं, भल्या माणसा, तुझं इथं काय आहे? तर म्हणाला, माझ्या पोरीनं नकाशात इथं झरा काढलाय. तिच्या आईसाठी. आता लोक येतील, तहानलेले येतील. माझी पोर खोटी पडता कामा नये."

आक्का मटकन खाली बसली आणि रडायला लागली. डोळ्याला पदर लावून हुंदका गिळत नव्हे. लहान मूल रडतं तशी, मोठ्यानं, तोंड उघडं टाकून. सिस्टर तिच्या शेजारी धुळीत बसली आणि तिनं आक्काचं डोकं छातीशी धरलं. धाकट्या पाटीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. चिमणीला काय करावं सुचेना, तिनं आजीच्या हातातला पेला घेतला, पाण्यानं भरला आणि आत्यापुढे धरला. आक्कानं पेला दोन्ही हातांनी धरून ते पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं.

पेला परत घेत म्हातारी म्हणाली, "तूच का ती पोर? मग बरं झालं आलीस. मला कुणाला तरी सांगायचंच होतं. खाण बंद होतेय. पुढच्या महिन्यात आम्ही सगळे इथून उठणार, लेकाकडे जाणार मी. आणि तसंही गुडघ्यांनी दगा दिलाय. आजचा एक रांजण भरायचा राहिलाय बघ. मग यापुढे कोण भरणार?"

चिमणीनं घड्याळ पाहिलं. साडेतीन. तिनं फाइल उघडली, पेनाचं टोपण काढलं, आणि तिला जे विचारायचं होतं ते अधिकारी म्हणून विचारायचं की मुलगी म्हणून, हे तिलाच कळेना.

"बाबा, यादीत काय लिहू?"

धाकट्यानं बाहीनं तोंड पुसलं. "अण्णांनी पाहिल्याशिवाय ठिपका ठेवला नाही. आधी ठिपका आला आणि मग पाहिला, एवढंच. झरा लिही."

"कुणी येऊन विचारलं, झरा कुठाय, तर?"

"रांजण दाखव. खुलासा छापायचाच असेल तर तो छाप: झऱ्याचं पाणी रविवारी ताजं असतं. भरायचं माझ्याकडे लागलं. टेम्पो आहे, रविवारही आहेत."

सिस्टर त्याच्याकडे बघून हसली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण या माणसाचा तिला इतका अभिमान फार थोड्या वेळा वाटला होता, आणि आज तो तिनं लपवला नाही. चिमणीनं एकतिसाव्या ओळीत दोन अक्षरं लिहिली आणि खाली सही केली.

धाकट्यानं बाजेखालची घागर ओढली, खांद्यावर घेतली आणि खाणीपलीकडची वाट धरली. चार पावलं गेला नाही तोच मागून चपला फटफटल्या. आक्का येत होती, डोळे सुजलेले, नाक लाल, पदर कमरेला खोचलेला.

"आण ती इकडे."

"आक्का, विहीर लांब आहे. तुझ्या पाठीला झेपायचं नाही. मी भरतो म्हटलं ना?"

"पुढच्या रविवारी भर." तिनं त्याच्या खांद्यावरची घागर काढून घेतली आणि स्वतःच्या कमरेवर ठेवली. "बाजूला हो, धाकट्या. झरा माझा आहे."